जमाखर्च : ख्यातीची वाटणी



गेल्या वर्षी भीमजयंतीला आमच्या हातून एक चूक झाली. ती या सदरात मांडावी की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. चूक घरातली असती तर घरातच मिटवली असती. पण ती व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकावरून, चारपाचशे लोकांसमोर झाली. म्हणून तिचा जमाखर्चही चारचौघांतच झालेला बरा.

जयंती उत्सव समितीने तालुक्यातल्या एका होतकरू उद्योजकाचा सत्कार ठरवला होता. मानपत्र लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. आम्ही बी. कॉम. झालेलो, कचेरीत दिवसभर टिपण्या लिहिणारे, अक्षरही बरे. त्यामुळे वस्तीत कोणाचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो की कालकथिताच्या पुण्यानुमोदनाचा मजकूर असो, लोक आमच्याकडेच येतात. आम्ही एका रात्रीत मानपत्र लिहून टाकले. त्यात एक वाक्य असे होते की, या तरुणाने एकहाती, स्वतःच्या बळावर, पत्र्याच्या शेडमधून हा कारखाना उभा केला. वाक्य म्हणायला छान होते. टाळ्याही तिथेच पडल्या.

पण तो कारखाना एकट्याचा नव्हता. दोघांचा होता, आणि ही गोष्ट आमच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. कारण गेली अनेक वर्षे रविवारी सकाळी त्या कारखान्याची खतावणी आम्हीच लिहीत आलो आहोत.

दोघे मित्र आयटीआयमध्ये बरोबर शिकलेले. एक वेल्डिंग मशीन आणि एक कटर यावर त्यांनी सुरुवात केली. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी फाटके, पुढे कांदाचाळीचे सांगाडे, नंतर उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. आज तिथे नऊ पोरे कामाला आहेत. दोघांपैकी एक बोलका. कचेऱ्या, बँका, ठेकेदार, ग्रामपंचायती तो सांभाळतो. दुसरा अबोल. सकाळी आठला शेडमध्ये शिरतो तो अंधार पडल्यावर बाहेर येतो. त्याच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, कोपरापर्यंत. पहिले मशीन आले तेव्हा त्याच्या पत्नीची पोत आणि कानातली फुले गहाण पडली होती. ती नोंदही आमच्याच वहीत आहे.

सत्काराच्या दिवशी हे दुसरे भागीदार मंडपात मागच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी होत्या. कार्यक्रम संपल्यावर खिरीच्या पंगतीत वहिनी आमच्यासमोर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हिशोब तुमीच लिव्हता ना? मग एकहाती म्हंजी कोणाचा हात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. समितीचा अर्ज एकाच नावाचा होता, मजकूर घाईत झाला, ही आमची कारणे मनात तयार होती. पण खीर हातात धरून ती सांगायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवसापासून ते दुसरे भागीदार शेडवर गेले नाहीत. अकरा दिवस गेले नाहीत. एका शाळेच्या फाटकाचे काम अर्धवट पडून राहिले.

वाचक म्हणतील, एका शालीवरून एवढा राग? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. माणसाने कामाकडे पाहावे, हारतुऱ्यांकडे पाहू नये, असा उपदेश आम्ही स्वतः अनेकांना केलेला आहे. पण हा उपदेश नेहमी ज्याला हार मिळत नाही त्यालाच का केला जातो, हा प्रश्न त्या अकरा दिवसांत आम्हाला पहिल्यांदा पडला.

कचेरीच्या कामानिमित्त आम्हाला अधूनमधून राहाता तालुक्यात लोणीला जावे लागते. मे महिन्यात असेच गेलो होतो. एस.टी.च्या खिडकीतून प्रवरेचा साखर कारखाना दिसला आणि हाच विषय डोक्यात घोळू लागला. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, भागीदारीच्या नावलौकिकाचे याहून मोठे उदाहरण नाही. ते आपण रोज पाहतो, पण त्या नजरेने कधी पाहत नाही.

महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. १९४८ साली त्याची नोंदणी झाली आणि १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू झाले. आज कारखान्याला पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव आहे. नारळी पौर्णिमेला त्यांची जयंती मोठ्या प्रमाणावर होते, त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. ते योग्यच आहे. लोणीत १९२३ साली सहकारी पतपेढी काढून सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवण्याचा उद्योग त्यांनी आरंभला होता. शाळेचे शिक्षण फारसे नसलेला हा माणूस कारखान्याचे भाग गोळा करण्यासाठी गावोगाव फिरला. त्या काळी साखर कारखाने भांडवलदारांचे असत, शेतकऱ्याने कारखाना काढायचा ही गोष्ट लोकांना चेष्टा वाटायची. शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा बाहेर काढायला शेतकऱ्याचाच माणूस लागतो. तो विखे पाटील होते.

पण या कारखान्याचे पहिले अध्यक्ष विखे पाटील नव्हते. पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. जन्म नाशिकचा, शिक्षण केंब्रिजचे, ऊस लावणारे नव्हेत आणि नगर जिल्ह्याचेही नव्हेत. १९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद झाली तिचे ते अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर कारखाना काढावा, हा विचार त्यांनी तिथे पुढे ठेवला. पुढे मुंबई सरकारचे भागभांडवल, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज, परवाने हे सगळे उभे करायचे तर सरकारदरबारी ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस लागणार होता. त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थ व सहकार खाते वैकुंठभाई मेहतांकडे होते आणि तेही सहकाराचे पक्के पुरस्कर्ते. हिशोब, नियम, कर्जाची कागदपत्रे ही बाजू गाडगिळांची. माणसे, जमीन, ऊस आणि विश्वास ही बाजू विखे पाटलांची.

आता आमच्यासारखा कारकून या ठिकाणी थांबून पाहतो. गावोगाव पायपीट करून भाग गोळा करणाऱ्या माणसाने खुर्ची स्वतः धरून ठेवली नाही. ती पुण्याच्या प्राध्यापकाकडे गेली. त्या दिवसांत बाहेरच्या जगात प्रवरा कारखाना म्हटले की अध्यक्ष म्हणून गाडगिळांचे नाव पुढे येत असणार. नंतरच्या काळात मात्र पारडे फिरले. विखे पाटलांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, कारखाना त्यांच्या नावाचा झाला आणि त्या पंचक्रोशीत गाडगिळांचे नाव जुन्या सभासदांच्या आठवणीत तेवढे राहिले. गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचे ‘गाडगीळ सूत्र’ त्यांचेच. आमच्या वस्तीतली स्पर्धा परीक्षेची मुले ते सूत्र तोंडपाठ म्हणतात. पण हाच माणूस लोणीच्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष होता, हे त्यातल्या एकालाही सांगता आले नाही. आम्ही मुद्दाम विचारून पाहिले.

म्हणजे एकाला जिल्ह्यात नाव आणि दुसऱ्याला दिल्लीत. दोघांनी एकमेकांच्या नावावरून भांडल्याचे काही आमच्या वाचनात नाही. त्याचे कारण आम्हाला असे वाटते की दोघांची गरज वेगळी होती आणि ती दोघांना कळलेली होती. गाडगिळांना लोणीत निवडणूक लढवायची नव्हती. विखे पाटलांना केंब्रिजची पदवी दाखवायची नव्हती. आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मात्र दोघेही एकाच गल्लीत राहतात, दोघांची मुले एकाच शाळेत जातात आणि दोघांना नमस्कार करणारे लोकही तेच. तिथे एकालाच नमस्कार झाला की दुसऱ्याला तो न झालेला दिसतो.

(‘पहिला’ हा मानसुद्धा कसा चिकटतो पाहा. प्रवरेला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याची रीत आहे. आंध्रातल्या एटिकोप्पाका इथे १९३३ सालीच सहकारी साखर उद्योग सुरू झाला होता, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. आणि पाथर्डीकडून, बीडकडून येऊन जो ऊस तोडतो, त्याचे नाव तर कोणत्याच पाटीवर कधी आले नाही. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहू.)

भांडण झालेले उदाहरण पाहायचे तर प्रभात फिल्म कंपनी घ्यावी. १९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी ती काढली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पैकी चौघे बाबूराव पेंटरांच्या कंपनीत तयार झालेले आणि सीतारामपंत पैसा घालणारे. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण आज कोणालाही विचारा, प्रभात म्हणजे कोण? उत्तर येते शांताराम. शांतारामबापूंचे कर्तृत्व मोठेच, त्याबद्दल वाद नाही. ते १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले, त्यांनी राजकमल काढले, पुढे त्यांना फाळके पुरस्कारही मिळाला. धायबर त्यांच्याही आधी बाहेर पडले होते. पाच जणांच्या कंपनीत कोणाच्या मनात काय साठत गेले, ते त्यांचे त्यांना ठाऊक. आमचे लक्ष सीतारामपंतांकडे जाते. पडद्यावर ज्याचे काही दिसत नाही, पण ज्याच्या पैशावाचून पडदाच उभा राहिला नसता, असा माणूस प्रत्येक धंद्यात एक तरी असतो. आमच्या शेडमध्ये त्या माणसाचे नाव वहिनी.

पाटीवर दोघांचे नाव घातले की प्रश्न सुटतो, असे काही जण सांगतात. किर्लोस्कर ब्रदर्स या नावातच भाऊ आहेत. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करीत होते आणि थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात सायकली विकत, गिऱ्हाइकांना चालवायला शिकवीत. नाव दोघांचे, पण लोकांच्या तोंडी राहिले ते लक्ष्मणरावच. पाटीने काम होते, पण अर्धेच.

आता थोडे आमच्या शिक्षणाविषयी. बी. कॉम.ला भागीदारीच्या हिशोबात ‘ख्याती’ नावाचे एक प्रकरण असते. विद्यार्थी त्याला फार भितात. धंद्याचे नाव झाले, गिऱ्हाईक आपणहून येऊ लागले, त्या नावाची जी किंमत, ती ख्याती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या १४ व्या कलमाने ही ख्याती संस्थेची मालमत्ता ठरते. म्हणजे यंत्र जसे दोघांचे, शेड जशी दोघांची, तसे नावही दोघांचे. नवा भागीदार आला तर त्याने ख्यातीपोटी आणलेली रक्कम जुन्या भागीदारांत वाटायची आणि ती कशी वाटायची, तर ‘त्याग प्रमाणा’त. कोणी आपल्या हिश्श्यातला किती भाग सोडला ते पाहून. परीक्षेत आम्ही ही उदाहरणे पटापट सोडवली आणि गुणही मिळवले. पण प्रत्यक्षात मानपत्र लिहायला बसलो तेव्हा धंद्याची सगळी ख्याती एकाच खात्यावर जमा करून मोकळे झालो. दुसऱ्याच्या त्यागाचे प्रमाण आम्ही काढलेच नाही, आणि वही तर आमच्याच कपाटात होती.

त्या अकरा दिवसांत आम्ही ती वही पुन्हा काढून पाहिली, तेव्हा शालीपेक्षा मोठी गोष्ट नजरेस आली. सुरुवातीला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे अर्ज केला तेव्हा बोलक्या भागीदाराची कागदपत्रे तयार होती, म्हणून कर्ज त्याच्या नावावर झाले. कर्ज त्याचे म्हणून बँकेचे खाते त्याचे. खाते त्याचे म्हणून जीएसटीची नोंदणी त्याची. जीएसटी त्याची म्हणून पाटी त्याची आणि पाटी त्याची म्हणून सत्कार त्याचा. नफा दोघे निम्मा निम्मा वाटून घेत, ते सगळे तोंडी आणि विश्वासावर. लेखी करार काहीच नव्हता. कागदाच्या दृष्टीने ते दुसरे भागीदार त्या कारखान्यात कोणीच नव्हते. उद्या बरेवाईट झाले असते तर वहिनींना आणि मुलांना बँकेपुढे, कोर्टापुढे काय दाखवता आले असते? आमच्या वहीतली पोतेची नोंद, एवढेच. म्हणून आता आम्ही मानापमानाला क्षुल्लक म्हणत नाही. चारचौघांत नाव न येणे ही पुष्कळदा कागदावर नाव नसल्याची पहिली खूण असते.

बोलका भागीदारही एका संध्याकाळी आमच्या घरी आला. तो रागातच होता. म्हणाला, "मी कोणाला माझा सत्कार करा म्हणून सांगायला गेलो नव्हतो. समितीवाले आले, त्यांनी माझं नाव घेतलं. आता मी काय शाल परत करू? आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्या कोणी? तो तर शेडबाहेर पडत नाही." त्याचेही खोटे नव्हते. आपल्या माणसाला बँकेत कर्ज मागायला गेल्यावर काय काय ऐकावे लागते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. ते तो एकटा ऐकून येत होता आणि शेडमध्ये त्यातले काही सांगत नव्हता, मित्राचे मन खट्टू होईल म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांना घरी बोलावले. वहिनींनाही या म्हटले. काय बोलायचे याचा आमच्या मनात पक्का बेत नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याकडे पाहून एक प्रसंग आठवला तो आम्ही सांगितला. आपण सारेच बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो. मसुदा समितीत माणसे सात होती. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत टी. टी. कृष्णमाचारी उठले. त्याच समितीचे हे एक सभासद. त्यांनी सभागृहाला सांगितले की कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी अमेरिकेत, कोणी राज्याच्या कारभारात, कोणी दिल्लीपासून दूर आणि या सगळ्याचा भार शेवटी एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. त्यानंतर वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेब समारोपाला उभे राहिले. सारे सभागृह त्यांची स्तुती करीत होते. त्यांनी सांगितले की हे श्रेय सगळे माझे नाही. घटना सल्लागार सर बेनेगल नरसिंह राव यांचे नाव त्यांनी घेतले, मसुद्याची भाषा घडवणारे एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेतले, त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही आठवण ठेवली.

यात पाहण्यासारखे काय, तर बाबासाहेबांचे कष्ट सांगितले ते कृष्णमाचारींनी आणि राव-मुखर्जींचे कष्ट सांगितले ते बाबासाहेबांनी. स्वतःचे कोणीच सांगितले नाही. आणि सांगितले ते सभागृहात, सर्वांसमोर, कामकाजाच्या नोंदीत राहील असे. घरी बोलावून चहा पाजून सांगितले नाही.

मग आम्ही दोघांना म्हटले, आपल्या कष्टाचे कोणी बोलायचे नाही. तुम्ही याचे सांगा आणि याने तुमचे सांगावे. पहिली दहा मिनिटे कोणी बोलेना. नंतर बोलका भागीदार म्हणाला की एका पावसाळ्यात शेडचा पत्रा उडाला होता, तेव्हा माल चोरीला जाऊ नये म्हणून हा महिनाभर रात्री तिथेच झोपला आणि न्यूमोनिया होऊन आला. दुसऱ्याला बोलायला अवघड गेले. तो एवढेच म्हणाला की याच्यामुळे मला कधी कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. वहिनी दाराशी बसून सगळे ऐकत होत्या.

दोघांनी हसून मिठ्या मारल्या, असे काही झाले नाही. तसे लिहिले तर ते खरे ठरणार नाही. अजूनही दोघांत थोडा ताण आहे. पण काही गोष्टी झाल्या. स्टँपपेपरवर भागीदारीचा करार झाला. कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा सारखाच असतो, तरीही ‘समान’ हा शब्द आम्ही स्पष्ट घालून घेतला. संस्थेची नोंदणी केली, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला कोर्टात दाद मागायला ६९ वे कलम आडवे येते. बँकेचे खाते दोघांच्या सहीचे झाले. यात दोनतीन महिने गेले आणि बोलक्या भागीदारानेच सगळ्या खेपा घातल्या.

आम्हाला वाटले होते की अबोल भागीदार पाटीवर आपले आडनाव मागेल. त्याने ते मागितले नाही. सत्कारही नको म्हणाला. स्टेजवर बसले की त्याला घाम फुटतो म्हणे. त्याने दोनच गोष्टी मागितल्या. बिलावर दोघांचे फोन नंबर छापावेत आणि कोणी वर्तमानपत्रवाला आला तर फोटो टेबलामागे न काढता शेडमध्ये काढावा, पोरांसकट. आम्ही मात्र त्याला विचारायच्या आधीच त्याच्या मनातले ठरवून टाकले होते. ज्याचे नाव राहून गेले त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे, हे आम्हाला तिथे कळले. कोणाला पाटी हवी असते, कोणाला फक्त सही. आणि ज्याला हवे असते त्याने अकरा दिवस घरी बसण्याऐवजी पहिल्या दिवशी तोंड उघडले तर शाळेचे फाटकही वेळेवर लागते, हेही आम्ही त्याला बोलून दाखवले. त्याला ते फारसे आवडले नाही.

यंदाच्या जयंतीच्या आधी समितीच्या बैठकीत आम्ही सत्काराच्या अर्जाचा विषय काढला. अर्जात ‘उद्योजकाचे नाव’ असा एकच रकाना होता. तिथे ‘भागीदार असल्यास त्यांची नावे’ आणि ‘धंद्यात काम करणारे कुटुंबीय’ असे आणखी दोन रकाने घालावेत, असे सुचवले. एका सभासदाने हरकत घेतली की मग शाली दुप्पट लागतील आणि वर्गणी तर वाढत नाही. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शाली बंद करून पुस्तके द्यायची असे ठरले, म्हणजे खर्चही बसला आणि वाद मिटला. दुसरा रकाना सगळ्यांना पटला. तिसऱ्या रकान्यावर मात्र पुरुष मंडळी जरा घुटमळली. बायका घरचेच करतात, त्याचे काय लिहायचे, असे एक जण म्हणाला.

तेव्हा आम्ही लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेही घरचेच काम होते. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालक मानली जाते. २०२१ साली त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली. सरकारचा किताब एकीलाच मिळायचा, त्याला इलाज नाही. पण बाकीच्या सहा जणींची नावे काय, असे आम्ही बैठकीत विचारले. कोणालाच सांगता आले नाही. तिसरा रकाना मंजूर झाला.

मानपत्राचे आम्ही काय केले, तेही सांगतो. जुने मानपत्र चौकटीत लावून शेडच्या भिंतीवर टांगलेले होते. ते काढा म्हणणे आम्हाला बरे वाटेना, कारण बोलक्या भागीदाराच्या आईने ते हौसेने लावले होते. म्हणून यंदाच्या जयंतीला, सत्काराच्या कार्यक्रमाआधी, आम्ही ध्वनिक्षेपकावर उभे राहिलो आणि गेल्या वर्षी आम्ही लिहिलेल्या मानपत्रात ‘एकहाती’ हा शब्द चुकीचा होता, तो कारखाना दोघांनी उभा केला आणि पहिल्या मशीनचे पैसे एका ताईंच्या दागिन्यांतून आले, असे सांगितले. दोघांची आणि वहिनींची परवानगी आधी घेतली होती. वहिनींनी एकच अट घातली होती, दागिन्यांचा आकडा सांगायचा नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण गेल्या वर्षीइतक्या नाहीत.

आपल्या भागात दोघातिघांनी मिळून काढलेले दुकान, बँडपथक, मंडपाचा धंदा, शिलाईचा गट, पिठाची गिरणी असेल आणि करार अजून तोंडीच असेल, तर कागदपत्रे घेऊन यावे. रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही घरीच असतो. कराराचा मसुदा लिहून देण्याचे आम्ही काही घेत नाही. स्टँपपेपर तेवढा आपला आपण आणावा, आणि शक्य असेल तर घरातल्या बाईंनाही बरोबर आणावे.